उकळत्या पाण्यातली सुई

तुम्ही पाचही जण चोर आहात. गळ्यात ओळखपत्र अडकवलेले, कोटाची बटणं नीट लावलेले, बशीत चहाचा थेंबही न सांडणारे चोर. थोरलीची चूक तुम्हाला एका बैठकीत सापडली, बिस्किटं संपायच्या आत. त्याच चुकीतून निघालेला वायू कुणाचा, हे मात्र चार महिने झाले तरी तुमच्या समितीला सापडत नाही. तेव्हा आता गप्प बसा आणि पहिल्यापासून ऐका. ऐकायची सवय नाही तुम्हाला, ठाऊक आहे. तरी ऐका.

थोरली तुमच्या प्रयोगशाळेत अठरा वर्षं तंत्रसहायक होती. थोरली हे घरातलं नाव. थोरल्या सुनेला दुसरं काय म्हणणार? तिचं काम जंतू सांभाळायचं. साधेसुधे जंतू नव्हेत. ज्या पाण्यातून आपण हाय-हाय करत बोट काढून घेतो, त्यात हे सुखानं नांदतात. पंचाहत्तर अंशांवर यांना भूक लागते. पेंढा, गवत, लाकडाचा भुसा, मिळेल ते खातात आणि खाऊन झालं की हायड्रोजन सोडतात. तोच हायड्रोजन, ज्यावर उद्या गाड्या चालतील आणि धुराऐवजी पाण्याची वाफ निघेल असं तुमच्या फाटकावरच्या फलकावर लिहिलंय. या जंतूंचा वैरी एकच, हवा. बाटलीत हवेची झुळूक शिरली की खेळ खलास. म्हणून बाटलीतल्या पाण्यात एक रंग टाकतात. हवा शिरली तर पाणी गुलाबी होतं, नाही शिरली तर बिनरंगी राहतं.

थोरलीच्या हातची बाटली अठरा वर्षांत कधी गुलाबी झाली नाही. आधी सुईनं नायट्रोजन फुंकायचा, मग रबरी बूच, वरून पत्र्याची टोपी, आणि बूच बसता बसता सुई काढून घ्यायची. तो क्षण कुठल्या पुस्तकात लिहिलेला नाही. तो मनगटात असतो.

धाकटी पहिल्यांदा आली ती विद्यार्थिनी म्हणून. पहिल्या दिवशी तिच्या दहातल्या नऊ बाटल्या गुलाबी झाल्या. "काय गं, बाग लावलीस की काय?" थोरली म्हणाली, तर पोरगी रडायलाच लागली. मग थोरलीनं तिचं मनगट धरून तिला सुई काढायला शिकवलं. आपल्या डब्यातलं खायला घातलं. घरी नेलं. घरात लग्नाचा दीर होता, त्याच्याशी तिची गाठ घालून दिली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ना, इथं थोरलीनं स्वतः बीळ खणलं, झाडून-पुसून घेतलं आणि नागोबाला हाताला धरून आणलं.

अकरा वर्षांत धाकटी डॉक्टरीण झाली. रोग्यांची नव्हे, जनुकांची. तिला खिडकीवाली खोली मिळाली, दारावर पितळी पाटी लागली. थोरलीची खुर्ची होती तिथंच, गरम कपाटाजवळ, जिथं हिवाळ्यातही ब्लाउज घामानं पाठीला चिकटतो. पितळी पाटी पुसताना शिपाई म्हणायचा, "तुमच्या जाऊबाईंची पाटी लखलखतेय बघा!" आणि थोरली म्हणायची, "घास अजून, नाव जाईपर्यंत घास."

घरी गेलं तरी सुटका नव्हती. वर धाकटीचा संसार, खाली थोरलीचा, जेवण सगळ्यांचं एकत्र. सासूबाईंना हायड्रोजन म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण तो धाकटी बनवते हे माहीत होतं.

"आमच्या धाकटीनं गवतातून गॅस काढला," त्या शेजारणीला सांगायच्या.

"आणि थोरली?"

"ती बाटल्या बघते."

बाटल्या बघते! थोरलीच्या घशात घास फिरायचा. नवरा बिचारा शिंपी, मापं घेता घेता माणसं ओळखणारा. तो पाण्याचा तांब्या पुढं सरकवायचा आणि हळूच म्हणायचा, "गीळ. अन्नावर राग काढू नये."

पण थोरलीकडे एक गुपित होतं. तिची म्हातारी.

अठरा वर्षांपूर्वी ती कामाला लागली त्या साली एका बागेच्या मागे पालापाचोळ्याचा मोठा ढीग वाफाळत होता. त्याच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून तिनं मूठभर काळं खत काढलं. हात भाजला, डाग अजून आहे. त्या मुठीतून जो जंतू निघाला तो कच्चा पेंढा जसाच्या तसा खायचा. पण हायड्रोजन कमी सोडायचा आणि आंबटच जास्त करायचा. आपल्याच आंबटपणात दोन दिवसांत मरगळून जायचा. तेव्हाचे साहेब म्हणाले, फेकून द्या. थोरलीनं फेकला नाही. दर आठ दिवसांनी जुन्या बाटलीतलं थोडं नव्या बाटलीत, विरजण लावावं तसं. सगळे त्या बाटलीला म्हातारी म्हणायचे आणि थोरलीला चिडवायचे, "काय, म्हातारीनं आज दूध घेतलं का?" प्रयोगशाळेत तिच्या मालकीचं म्हणावं असं ते एवढंच.

धाकटीचा जंतू वेगळा. तिनं एका गोडखाऊ जातीच्या पोटातलं आंबट करणारं जनुकच कापून टाकलं. जो घास आंबटात जायचा तो आता हायड्रोजनात जाऊ लागला. ओळख पटावी म्हणून तिनं त्याला एक औषध पचवायची ताकदही दिली. एरवी टाकत नसत, पण ते औषध बाटलीत टाकलं की दुसरे सगळे मरतात, हाच जगतो. नाव ठेवलं चौदा नंबर. साखर दिली की चौदा नंबर भरभरून वायू द्यायचा. पण पेंढा दिला की ढिम्म. आणि साखरेतून इंधन काढायला कोण पैसे देणार? तुम्ही सहा महिन्यांची मुदत दिली होती. पेंढ्यावर चालला तर ठीक, नाहीतर धाकटीचा विभाग बंद. थोरलीच्या मनात पाप होतं. ती रोज सकाळी चौदा नंबरच्या बाटल्या मोजायची आणि ढिम्म दिसल्या की तिला भूक लागायची.

आता चुकीकडे येते गोष्ट. नीट ऐका, कारण हिच्यासाठीच तुम्ही बिस्किटं खाल्लीत.

त्या दिवसांत सुया संपल्या. निर्जंतुक करायची प्रेशरची टाकी दुरुस्तीला गेलेली. थोरलीनं सुया मागायला तीन चिठ्ठ्या लिहिल्या. तिन्ही तुमच्या संचालकांच्या टेबलावर सहीसाठी पडून राहिल्या. काम थांबवायचं नाही आणि सुयाही द्यायच्या नाहीत. मग तिनं वापरलेल्या सुया, म्हातारीच्या बाटलीतल्याही, पातेल्यात घातल्या, वीस मिनिटं खळखळ उकळल्या आणि चौदा नंबरला वापरल्या. बाळाची बाटली आपण कशी साफ करतो? उकळून. पट्टी कशी साफ करतो? उकळून. उकळलं की शुद्ध, हे आईच्या पोटातून शिकून आलेलं असतं. अठरा वर्षं उकळत्या पाण्याला न भिणारे जंतू पाळणाऱ्या बाईच्या हे डोक्यात आलं नाही की म्हातारी संकट दिसलं की बी धरून बसते. टणक कवचाचं बी, आत ती जिवंत झोपते. वीस मिनिटांची उकळी म्हणजे तिला न्हाणीतलं कढत पाणी.

आठ दिवस झाले आणि चौदा नंबर पेंढा खाऊ लागला.

काचेच्या पिचकारीची सुई बुचात टोचली की आतल्या वायूनं दट्ट्या वर ढकलला जातो. किती वर गेला त्यावरून वायू मोजतात. त्या सकाळी दट्ट्या चढला तो चढतच राहिला. साठ, बासष्ट, चौसष्ट मिलिलिटर. धाकटीनं किंकाळी मारून थोरलीला मिठी मारली. "ताई, माझी जनुकातली चौथी दुरुस्ती लागू पडली! ताई, पेंढा खाल्ला गं त्यानं!" आणि थोरलीला वाटलं, आपल्या छातीत कुणीतरी बूच लावून पत्र्याची टोपी दाबली.

मग तुम्ही आलात. पडदे ओढलेत. थोरलीनं चिमट्यात गरम बाटली धरली, धाकटीनं सुईच्या टोकाशी काडी नेली. हायड्रोजनची ज्योत दिसत नाही म्हणून तिनं वर कागद धरला, आणि कागद भुर्रकन पेटला. टाळ्या वाजल्या. फोटो निघाला. तो फोटो आता तुमच्या दालनात आहे. धाकटी पूर्ण आहे, हसरी आहे. थोरली आहे मनगटापर्यंत.

सासूबाईंनी त्याची एक प्रत जेवणघरात लावली. "हा हात कुणाचा गं?" शेजारणीनं विचारलं.

"असेल कुणाचा तरी," सासूबाई म्हणाल्या.

त्या रविवारी थोरली एकटीच प्रयोगशाळेत गेली. कशाला? खोटं कशाला सांगायचं? खोट काढायला. चौदा नंबरचा एक थेंब तिनं सूक्ष्मदर्शकाखाली धरला, काहीतरी सापडू दे म्हणून. आणि सापडलं. बारीक लांब काड्या होत्या, त्या चौदा नंबरच्या. त्यांच्या मधून आखूड, जाडसर, टोकाला फुगा आलेल्या काड्या चालल्या होत्या. पोटच्या पोराची चाल अंधारातही ओळखू येते. थोरली पुटपुटली, "अगं माझे बाई! म्हातारे, तू इथं काय करतेस?"

मग तिला पातेलं आठवलं आणि तिनं स्टूल जवळ ओढलं.

तिनं तीन बाटल्या लावल्या. तिन्हीत पेंढा. पहिलीत टाळ्या मिळालेल्या बाटलीतलं विरजण, जसं होतं तसं. दुसरीत तेच, पण औषध घालून, म्हणजे म्हातारी मरेल आणि चौदा नंबर एकटा राहील. तिसरीत नुसती म्हातारी. तीन दिवस ती हसत होती. सासूबाईंना वाटलं, सुधारली. औषधाच्या बाटलीत वायू आला नाही की सगळं म्हातारीचं, पाटी माझी, फोटो माझा, असं तिचं गणित होतं.

चौथ्या दिवशी दट्टे वाचले. दुसऱ्या बाटलीत एक. ठरल्याप्रमाणे! तिसरीत, तिच्या म्हातारीच्या बाटलीत, वीस. पहिलीत चौसष्ट.

वीस. थोरलीनं पिचकारी झटकली, पुन्हा टोचली. वीसच. एकटी म्हातारी पेंढा फोडायची आणि आपल्याच आंबटपणात बसून राहायची. एकटा चौदा नंबर उपाशी मरायचा. म्हातारी पेंढ्यातून साखर मोकळी करायची, तिला आंबवायची फुरसत मिळायच्या आत चौदा नंबर ती गट्ट करून वायू सोडायचा. चौसष्ट दोघांचे मिळून होते. दुसरं कुणी असतं तर आनंदानं नाचलं असतं. थोरलीला हुंदका आला. अख्खा विजय मागायला गेली होती, अर्धा मिळाला, आणि तो अर्धाही कुणाबरोबर? तर तिच्याबरोबर.

तिनं धाकटीला बोलावून तिन्ही बाटल्या दाखवल्या. धाकटी हुशार; एका नजरेत समजली. खाली बसली.

"कुणाला सांगितलंस?"

"अजून नाही."

"सांगू नकोस, ताई. सुया उकळल्यास म्हटल्यावर तुझी नोकरी जाईल."

"माझ्या नोकरीची काळजी तुला? की पाटीची?"

"दोन्हीची," धाकटी म्हणाली. "खोटं नाही बोलत. पण तुला काय वाटतं, जळायचा मक्ता तुझ्या एकटीकडे आहे? अकरा वर्षं बघतेय मी तुझं मनगट. अजून माझ्या दहातल्या चार बाटल्या गुलाबी होतात. विद्यार्थी माझ्यासमोर उभे राहतात, आणि अडलं की तुझ्याकडे पळतात. नवऱ्याला भाजी तुझ्याच हातची आवडते. मी तुझ्याकडे बघून किती रडलेय, माहितीये?"

थोरलीला हे ऐकून बरं वाटलं. वाईट वाटायला हवं होतं, पण बरं वाटलं, गार पाणी प्यायल्यासारखं. तिनं विचारलं, "खरंच?"

"खुश होऊ नकोस," धाकटी म्हणाली.

"झाले आता. काय करू?"

आणि तिनं ठरवलं, सांगायचं. नोकरी गेली तरी चालेल, फोटोतला हात कुणाचा ते कळलं पाहिजे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. धाकटीनं एक दिवस विचार केला आणि शोधाच्या अर्जावर, पेटंटच्या, दोघींची नावं लिहिली. तेवढं श्रेय तिला द्यायलाच हवं, थोरलीला कितीही जड गेलं तरी.

मग तुमची बैठक. थोरली उभी, तुम्ही बसलेले.

"म्हणजे बाई, वापरलेल्या सुया नुसत्या उकळून पुन्हा वापरल्या, हे तुम्ही कबूल करता?" संचालक म्हणाले.

"हो. नव्या सुयांसाठी तीन चिठ्ठ्या दिल्या होत्या. तुमच्या टेबलावर..."

"प्रश्न चिठ्ठ्यांचा नाही. एका बाटलीतला जंतू दुसरीत गेला तो तुमच्या हातून?"

"माझ्या हातून. माझ्या म्हातारीतून."

"कुणाची म्हातारी?" तुमच्यातल्या टक्कल पडलेल्यानं दचकून विचारलं आणि बाकीचे हसले.

"सर, दोन जंतू एकत्र आहेत म्हणूनच वायू येतोय," धाकटी म्हणाली. "आणि दुसरा ताईंनी अठरा वर्षं जिवंत ठेवलाय. म्हणून मी दोन्ही नावं..."

संचालकांनी लाल पेन उचललं. "तंत्रसहायकाचं नाव शोधाच्या अर्जात बसत नाही. शिवाय बाई स्वतःच सांगतायत, ही चूक होती. चुकीला शोधक नसतो." आणि त्यांनी थोरलीचं नाव खोडलं. एक रेघ, सरळ, पट्टी लावल्यासारखी. अर्ज धाकटीपुढं सरकवला. धाकटीनं थोरलीकडे पाहिलं, मग कागदाकडे, आणि सही केली. पटकन. इतकी पटकन की थोरलीला सगळ्यात जास्त तेच लागलं.

म्हातारी कुलपात गेली, संस्थेची मालमत्ता म्हणून. थोरलीच्या नोंदवहीत निष्काळजीपणाचा शेरा आला आणि तिची बदली झाली तळघरात, काचसामान धुण्याच्या खोलीत. शेऱ्यात तिचं नाव पूर्ण लिहिलंय, आडनावासकट. तिथं मात्र तंत्रसहायकाचं नाव बरोबर बसलं.

चार महिने ती बाटल्या धुतेय. घरी दोघी बोलत नाहीत. मीठ हवं असलं तरी सासूबाईंच्या मार्फत. "तिला सांगा, मीठ दे." सासूबाई वैतागून म्हणतात, "मी काय टपाल खातं आहे?"

आणि गेल्या मंगळवारी धाकटी जिना उतरून तळघरात आली. हातात ट्रे होता. ट्रेमध्ये दहा बाटल्या, दहाही गुलाबी.

थोरलीनं नळ बंद केला, हात पुसले. एक बाटली उजेडात धरली. "काय गं, बाग लावलीस की काय?"

धाकटी या वेळी रडली नाही. "महिनाभर असंच चाललंय. म्हातारी माझ्या हातात टिकत नाही. दोनच बाटल्या जिवंत उरल्यात. वर ये ना, ताई."

थोरलीला इतका आनंद झाला की तिला स्वतःचीच लाज वाटली. पण आनंद गेला नाही. मग तिला कुलपातल्या त्या दोन बाटल्या दिसल्या, आणि तिच्या मनगटात कळ आली. आठ दिवसांचा हिशेब तिच्या बोटांवर होता, थोडेच उरले होते. विरजण चुकलं तर म्हातारी जाईल.

"समितीनं बोलावलंय?"

"नाही. त्यांना माहीत नाही. मी बोलावतेय."

"मग समितीला पत्र लिही. मी सांगते ते."

धाकटीनं ओल्या ओट्यावर कागद ठेवून लिहिलं. थोरलीनं दोन ओळी सांगितल्या, मग पेन धाकटीच्याच हातात ठेवून म्हणाली, "आधी तू सही कर. त्या दिवशी केलीस तशी, पटकन."

धाकटीनं सही केली. पटकन नाही. कागद भिजून कोपरा निळा झाला तोवर तिचं पेन थांबलं होतं. मग थोरलीनं खाली आपलं पूर्ण नाव लिहिलं. धाकटीची सही वळणदार, देखणी. थोरलीची बटाट्याच्या पोत्यासारखी. शेजारी शेजारी बघून तेही थोरलीला खुपलं.

ते पत्र तुमच्या टेबलावर आहे, सुयांच्या तीन चिठ्ठ्यांच्या वर. थोरली वर गेलेली नाही. धुण्याच्या खोलीत घड्याळाखाली बसलीय आणि दोन बाटल्यांचे तास मोजतेय. उठायला तिला एकच गोष्ट हवी आहे, पत्रातल्या प्रश्नाचं उत्तर, आणि ती तुमच्याकडे आहे.

चुकीला शोधक नसतो म्हणालात. मग चुकीला आरोपी कसा सापडला? सुई तिची, उकळी तिची, म्हातारी तिची, शेरा तिचा, तर त्या चौसष्टांतला वायू कुणाचा? एका ओळीत लिहा. बाटल्या गुलाबी व्हायच्या आत लिहा. आणि या वेळी खाली तुमच्या पाचही जणांची नावं हवीत, आडनावासकट.